बिल्ले वाटणारे मास्तर

मास्तर बाजारात वांगी निवडत नसत. मुकुटबनच्या बाजारात माळणीपुढे पिशवीचं तोंड उघडून उभे राहत आणि म्हणत, "तुमच्या हातानं द्या." माळीण कशाला सोडते? दाबलेली, किडकी, कालच्या बाजारातून परत आलेली वांगी ती आधी त्यांच्या पिशवीत लोटून मोकळी होई. मग आठवडाभर मास्तर विळीवर बसून अळ्या काढत आणि कुरकुरत.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, जरा दाबून बघून घेतलीत तर काय बिघडेल?"

"निवडणं हे माझं काम नाही, कंपाउंडर."

"वांग्यांतसुद्धा?"

"सवय लागते माणसाला. आज वांगी, उद्या माणसं." एवढं बोलून त्यांनी अर्धं वांगं फेकून दिलं.

मास्तर गेले त्याला बरीच वर्षं झाली. नक्की किती, ते मोजायचा मला कंटाळा आहे. कंटाळा हा माझा जुना सोबती. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली मी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो, तोही कंटाळ्यापायीच. घरी कापसाचं आणि तुरीचं शेत होतं, वडील धडधाकट होते, पण मला उन्हात उभं राहणं जमत नसे. आम्ही हिंदू माणसं. मिशनवाल्यांना कंपाउंडर हवा होता, मला सावली हवी होती. देवाधर्माचं कुणी विचारलं नाही.

मुकुटबनपासून दोन कोसांवर, जिथं झरीकडचं रान सुरू होतं, तिथं हे छोटं गाव होतं. दोन खोल्यांचा दवाखाना, समोर पत्र्याची प्रार्थनेची खोली, मधे एक कडुनिंब आणि मास्तरांनी लावलेली मोगऱ्याची रोपं. डॉक्टर गुरुवारी येत. पाळकसाहेब, म्हणजे मिशनचे पाद्री, यवतमाळहून वर्षातून तीनदा येत. बाकीचे दिवस तिथं आम्हा दोघांचं राज्य होतं: औषधाच्या बाटल्यांवर माझं, आणि चार इयत्तांची शाळा नि तीस-चाळीस ख्रिस्ती माणसांवर मास्तरांचं.

मास्तर तेव्हाच साठीच्या पुढे होते. वैशाखातही अंगात काळा कोट, हातात कधीच न उघडलेली छत्री. ते मूळचे आमच्याकडचे नव्हेत, जालन्याकडचे, निजामाच्या मुलखातले. तिकडच्या एका म्हाताऱ्या स्कॉटिश पाद्र्यानं त्यांना दुष्काळात उचलून आणून वाढवलं होतं. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या बायबलासारखी होती. "ह्यास्तव" म्हणत, "जाणावे" म्हणत. आमच्या लोकांना ती अर्धी समजे. उरलेली अर्धी ते आपल्या मनानं भरून काढत, आणि मास्तरांचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होई.

त्या पाद्र्याकडून मास्तरांनी एक शिकवण घेतली होती. ही कॅल्व्हिनपंथी लोकांची शिकवण, असं ते मला सांगत. देवानं आपली माणसं जग घडण्याच्याही आधी निवडून ठेवली आहेत. आणि ती त्यांच्या चांगुलपणाकडे पाहून नव्हे, तर निव्वळ आपल्या दयेनं. शिकवण एवढीच. दोन ओळींत मावते. पण या दोन ओळींचा जो तो आपापल्या सोयीनं अर्थ लावी आणि मास्तरांना तो निस्तरत बसावं लागे. कुणी नवा अर्थ घेऊन आला की ते डोळे मिटून एक लांब श्वास सोडत आणि म्हणत, "बसा. पहिल्यापासून." त्या दोन शब्दांत इतका थकवा असे की ऐकणारा स्वतःच थकून बसे.

किसन नावाचा एक शेतकरी होता, बाप्तिस्मा घेतलेला, डोक्यानं तल्लख. त्याला एका रविवारी उलगडा झाला.

"समजलं मास्तर. आमी नाई का ज्वारीची भरलेली कणसं बियाण्यासाठी बाजूले काढत? तशी देवानं चांगली मान्सं काढून ठेवली."

"बसा. पहिल्यापासून. कणीस भरलेलं असतं म्हणून तुम्ही ते काढता. देव माणसात भरलेलं पाहून निवडत नाही."

"मंग पोचट पाहून काढते काय?"

"पोचट पाहूनही नाही."

"मंग काय पाहून?"

"माणसात काहीच पाहून नाही. ते त्याच्या स्वतःच्या मनात आहे."

किसननं बराच वेळ डोकं खाजवलं. "असा शेतकरी आमच्या गावात तं दोन वर्सं टिकणार नाई," तो म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

हाच किसन पुढे मोहाची पिऊन शाळेपाशी आला. "मास्तर, मी निवडलेला असन तं पिऊन बी निवडलेलाच राह्यीन. नसन तं न पिऊन फायदा काय?" मास्तर म्हणाले, "बापानं तुला शेत दिलं. आता आपलंच आहे म्हणून तू त्यात गवत पेरतोस का?" किसन म्हणाला, "पेरत नाई. आपोआपच येते." मास्तरांनी खुर्ची ओढली, बसले, आणि त्या दिवशी पहिल्यापासून काही सुरू केलं नाही.

मीही त्यांना कमी छळलं नाही. मी म्हणायचो, "मास्तर, हे तर आमचं नशीबच झालं. सटवी पाचव्या दिवशी कपाळावर लिहून जाते, तुमच्या देवानं जरा आधी लिहिलं." नशीब हा शब्द काढला की त्यांच्या मिशा थरथरत. "नशिबाला डोळे नसतात. नशीब कुणाला हाक मारत नाही. मी म्हणतो तो बाप आहे. बाप आणि नशीब एकच वाटतात तुम्हाला?"

"बरं, बाप तर बाप. त्यानं आधीच ठरवलंय ना? मग तुम्ही या उन्हात तांड्यातांड्यावर कशाला हिंडता? घरी बसा. ज्यांची निवड झालीय ते येतील आपले आपण."

त्यावर ते मला पोस्टमनची गोष्ट सांगत. पत्र कुणाला लिहायचं हे पोस्टमन ठरवत नाही, पण दारात न्यायला त्यालाच लागतं. "आणि माझी पंचाईत अशी," ते म्हणत, "की माझ्या थैलीतल्या पत्रांवर पत्ते नाहीत. ह्यास्तव दार एकही सोडता येत नाही." मग छत्री काखेत मारून ते खरोखरच निघत. बारा वाजता, आमच्याकडच्या उन्हात. छत्री मिटलेलीच.

यवतमाळच्या पाळकसाहेबांना मास्तरांची ही शिकवण पसंत नव्हती. ते वेगळ्या मताचे होते, वयानं तरुण, स्वभावानं हसरे. "मास्तर, देवाचं दार सगळ्यांना उघडं आहे आणि तुम्ही दारावर यादी लावून बसता," असं ते सगळ्यांदेखत म्हणत. मास्तर म्हणत, "आत यायचं म्हणणाऱ्याला परत पाठवल्याचं मी कधी बोललो, साहेब? ज्याला यावंसं वाटलं त्याला ते कुणी वाटायला लावलं, एवढंच मी सांगतो." पाळकसाहेब हसून त्यांच्या पाठीवर थाप मारत. विषय तिथंच मिटे. पुढच्या खेपेला पुन्हा तोच विषय आणि तीच थाप.

आता बिल्ल्यांचं सांगतो.

मास्तरांकडे खणाची एक पिशवी होती. तीत शिशाचे चौकोनी बिल्ले होते, पानपुडीएवढेही नव्हेत, बोटाच्या पेरासारखे. त्यांच्यावर कसलीशी अक्षरं होती, ती झिजून गेली होती. म्हाताऱ्या पाद्र्याच्या देशात म्हणे जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकत्र भाकर मोडून खायच्या दिवसाच्या, आधीच्या आठवड्यात वडील माणसानं घरोघर जायचं, प्रत्येकाशी बोलायचं, आणि ज्याचं मन निर्मळ आहे त्याला एक बिल्ला द्यायचा. त्या दिवशी दाराशी बिल्ला टाकायचा आणि आत जाऊन भाकर घ्यायची. एका बिल्ल्यावर एकाला जागा. ती रीत तिकडेही केव्हाच मोडली होती. पाळकसाहेब तिला हसत. पण मास्तर वर्षातून तीनदा ती पिशवी घेऊन निघत, प्रत्येकाच्या उंबऱ्याशी बसत आणि विचारत, "कुणाशी वैर आहे का?" असेल तर म्हणत, "आधी मिटवा. मग बिल्ला." भांडणं मिटवायची ती त्यांची युक्ती होती. सांगायला हरकत नाही, ती चालेही. मी अशी धुऱ्यांची, म्हणजे शेताच्या बांधांची, दोन भांडणं मिटलेली पाहिली आहेत, जी तहसीलदाराला मिटली नव्हती.

फक्त लोकांनी त्या बिल्ल्याचा आपला अर्थ लावून ठेवला होता. ज्याच्या हातात बिल्ला तो निवडलेला, असं ते समजत. मास्तर दर खेपेला सांगत, "हा बिल्ला म्हणजे निवड नव्हे. ही नुसती खूण आहे, की आज तुम्ही बसायला तयार आहात. निवड त्याची, बिल्ले माझे. दोन्हींची गल्लत करू नका." लोक माना हलवत आणि बिल्ला कमरेला खोचताना कपाळाला लावत.

प्रभुभोजनाच्या दिवशी मास्तर दाराशी पितळेची ताटली घेऊन उभे राहत. एकेकजण बिल्ला टाकी, खण् करून आवाज होई, माणूस आत जाई. मी समोर दवाखान्याच्या ओसरीवर सुया उकळत बसलेला असे. सगळे आत गेले, पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, की मास्तर हमखास बाहेर येत आणि मोगऱ्यात शिरलेल्या शेळ्या हाकलत. शेळ्या रोजच येत. त्या दिवशी मात्र मास्तर त्यांना फार मनापासून हाकलत, अगदी नाल्यापर्यंत. परत येईपर्यंत आतलं आटोपलेलं असे. मला वाटे, बिचाऱ्याला मोगऱ्याची किती काळजी. माणूस डोळ्यांदेखत काय करतो ते सहा वर्षं बघूनही कळत नाही, हे मला अजून खुपतं.

धनीबाई ही जवळच्या तांड्यावरची बंजारा बाई. तिच्या घरचे पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून देशोदेशी हिंडत. आता रानाच्या कडेला ज्वारी-कापूस करून स्थिरावले होते. नवरा गेल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला होता. दंडभर पांढऱ्या बांगड्या आणि आरशांचा घागरा मात्र तिनं सोडला नाही. कुणी सोड म्हटलंही नाही. तिला टीबी झाला होता. माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी, दिवाळीपासून, माझ्याकडे ती सुईला येऊ लागली. तेव्हा त्या सुया महिनोन्महिने टोचाव्या लागत, मधे सोडून चालत नसे. सुई टोचताना ती मला आणि माझ्या खानदानाला बंजारी बोलीत काही तरी ऐकवी. अर्थ मी कधी विचारला नाही. महिनाभरात तिचा खोकला कमी झाला, गालावर मांस आलं. माझ्या हातून कुणी बरं होतंय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. मला उगाच सकाळी लवकर जाग येऊ लागली.

नाताळाच्या आधी तिच्या घरात भांडण झालं. सुनेनं धनीबाईची लग्नातली ओढणी कापली आणि आरशाचे तुकडे पोराच्या कुंचीला लावले. सुनेला वाटलं, जुनी फाटकी ओढणी आहे. धनीबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. मास्तर बिल्ला घेऊन गेले, त्यांनी विचारलं, "कुणाशी वैर?" धनीबाई खोटं बोलणारी नव्हे. "हाय," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "आधी मिटवा. मग बिल्ला." आणि पिशवीची गाठ मारून पुढच्या घरी गेले. नेहमीसारखंच.

नाताळ झाला. धनीबाई आली नाही. सुईलाही आली नाही. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. मी किसनला निरोप देऊन पाठवलं. तो परत आला आणि पायरीवर बसला.

"ते म्हणते, आपलं नाव तेच्यात नाई. मास्तरनं बिल्ला वापस नेला. आता सुई कायले टोचून घेऊ? ज्याचं नाव नाई तेचं काय बरं होणार हाय?" मग हळूच म्हणाला, "रगत पडून राह्यलं कंपोंडर."

मी हातातलं भांडं तसंच टाकलं आणि शाळेत गेलो. पोरं पाढे म्हणत होती. मी त्यांच्यादेखत मास्तरांवर ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. पण, "तुमची ती दोन ओळींची शिकवण माझा रोगी मारतेय," असं बोललो ते पक्कं आठवतं. मला वाटलं, आता म्हणतील, बसा, पहिल्यापासून. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. पोरांना सुट्टी दिली, कोट नीट केला, छत्री घेतली. पिशवीही घेतली.

वाट कोसभराची होती. कापूस वेचणाऱ्या बाया वाटेकडे बघत होत्या. एका ठिकाणी मास्तर थांबले, धाप लागली होती. म्हणाले, "चाळीस वर्षं सांगतोय, कंपाउंडर. एकालाही नीट समजलं नाही." मला त्यांची दया आली नाही. त्या वेळी तर अजिबात नाही.

धनीबाई खाटेवर पडली होती. महिन्यापूर्वी आलेलं मांस गेलं होतं. सून चुलीपाशी पाठ करून बसली होती. मास्तर खाटेशी जमिनीवरच बसले, कोट धुळीत पसरला, आणि त्यांनी सुरुवात केली. बिल्ला म्हणजे निवड नव्हे. आजार म्हणजे नाकारल्याची खूण नव्हे. त्यानं शेवट ठरवला तशी वाटही ठरवली. सुई ही वाट आहे, आणि वाट सोडून मुक्काम मागता येत नाही. सगळं बरोबर होतं. मला, हिंदू माणसाला, पटलं. धनीबाई आढ्याकडे बघत राहिली.

मग ती म्हणाली, "मास्तर, तुमचा बिल्ला कोणता? दाखवा."

मास्तरांनी पिशवीवर हात ठेवला. "माझा नाही."

"काहून?"

"मला कुणी दिला नाही. पाद्रीबाबांनी जाताना पिशवी दिली, वाट म्हणाले. यातला माझा कोणता ते सांगितलं नाही."

"तुमी इचारलं नाई?"

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. मग ते जे बोलले ते बायबलातल्या मराठीत नव्हतं, आणि ते मला की तिला की सुनेच्या पाठीला सांगत होते तेही कळत नव्हतं.

"दुष्काळ होता. मी सात वर्षांचा. पाद्रीबाबांची बैलगाडी आली. ती भरलेली, एकाच पोराची जागा उरली होती. मी आणि माझी बहीण शेजारी बसलो होतो. बाबांनी हात केला. माझ्याकडे की तिच्याकडे, मला माहीत नाही. मी उठलो आणि चढलो. ती उठली नाही. तिला उठवत नव्हतं." ते थांबले. "गाडी दुसऱ्या खेपेला तिथं गेली तेव्हा ती नव्हती. बाबांना मी कधी विचारलं नाही, हात कुणाला केला होता. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

चुलीवर काही तरी उतू जात होतं, सुनेनं ते काढलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे शेळ्या आल्या. नाल्यापर्यंत हाकललेल्या, वर्षातून तीनदा, भाकर मोडायच्या वेळी बरोबर. बिल्ला म्हणजे निवड नव्हे, हे ज्यानं चाळीस वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, तो स्वतःच्या बाबतीत मात्र नेमकं तेच धरून बसला होता. चुकून गाडीत चढलेल्या माणसासारखा तो दाराशी ताटली घेऊन उभा राही, आणि पंगत बसली की बाहेर निघून जाई. मला लाज वाटली. तासाभरापूर्वी मी या माणसावर पोरांदेखत ओरडलो होतो.

मास्तरांनी डोळे पुसले नाहीत. फक्त म्हणाले, "एक सांगतो, धनीबाई, आणि जातो. ज्याला नकोच असतं त्याला राहून गेल्याचं दुःख होत नाही. तुम्हाला झालं. ही हाक आल्याचीच खूण आहे. हाक आली नसती तर तुम्ही नाताळाच्या दिवशी आरामात झोपला असता."

"आन् तुमाले?" धनीबाई म्हणाली. "तुमाले दुख नाई का?"

याचं उत्तर मास्तरांनी आत्ताच तिला दिलं होतं.  ते छत्री टेकून उठले.

धनीबाईनं माझ्याकडे मान वळवली. "कंपोंडर, सुई उद्या इथं आणून देता, का मीच येऊ?"

दुसऱ्या दिवशी ती आली. बैलगाडीत, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून. उतरताना सून म्हणाली, "याडी, हळू," म्हणजे आई, हळू. आणि धनीबाईनं तिच्या खांद्यावर भार टाकला. मास्तर शाळेच्या दारातून हे बघत होते. ते आत गेले आणि पोरांना जरा मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. सुई टोचताना मी धनीबाईला विचारलं, "पटलं वाटतं मास्तरांचं?"

"त्या बुढ्याचं कोणाले समजते?" ती म्हणाली. "पण तेले एकट्याले असं सोडून कसं मरू?"

हिवाळा गेला. सुया चालू राहिल्या, शिव्याही पूर्वीसारख्या चालू झाल्या. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मास्तर पिशवी घेऊन निघाले, आणि धनीबाईच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी विचारलं, "कुणाशी वैर?" तिनं सुनेच्या पोराला कुंचीसकट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. कुंचीचे आरसे त्यांच्या काळ्या कोटावर चमकत होते, असं किसननं मला सांगितलं. बिल्ला मिळाला.

त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. मी ओसरीवर सुया उकळत होतो. मास्तर दाराशी ताटली घेऊन उभे. एकेक बिल्ला पडत होता, खण्, खण्, माणसं आत जात होती. किसन गेला, स्वच्छ धुतलेला सदरा घालून. धनीबाई शेवटी आली. ती आली आणि थांबली. मास्तरांनी ताटली पुढे केली. तिनं मूठ उघडली नाही.

"हा तुमी टाका," ती म्हणाली आणि बिल्ला त्यांच्या हातात कोंबला. "तुमी आत जा. शेळ्या मी पाह्यतो."

"एका बिल्ल्यावर एकच," मास्तर म्हणाले. 

"माईत हाय मले. म्हणूनच देऊन राह्यलो."

मास्तरांनी बिल्ला परत करायला हात पुढे केला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आतून पाळकसाहेबांचा आवाज येऊ लागला होता. मास्तर तसेच उभे, एका हातात ताटली, एका हातात बिल्ला, आणि तोंडावर असा भाव की सात वर्षांचं पोर पुन्हा रस्त्याच्या कडेला बसलंय आणि गाडी थांबली आहे. या वेळी त्यांना उठवत नव्हतं.

मोगऱ्यात शेळ्या शिरल्या होत्या, चांगल्या पाच-सहा. धनीबाई त्यांच्याकडे वळली.

मी कंटाळखोर माणूस. उन्हात जायचं माझ्या जिवावर येतं. सावलीसाठी तर मी ही नोकरी धरली होती. पण मी स्टोव्ह बंद केला, दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो, कडुनिंबाची एक डहाळी मोडली आणि म्हटलं, "शेळ्या माझ्याकडे लागल्या. जा तुम्ही दोघंही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग धनीबाईकडे. मग त्यांनी तो बिल्ला ताटलीत टाकला, स्वतःच्या हातानं.  मग वाकून तोच बिल्ला परत उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो टाकला.

मी शेळ्या नाल्यापर्यंत नेल्या. पाठीमागे दार लागल्याचं ऐकू आलं. पण त्याआधी तो एकच बिल्ला ताटलीत दोनदा वाजला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.